दोन सुयांचे विणकाम : पुणे-खडकवासला परिसरातील एका घरगुती कलेचा इतिहास

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या काठी वसलेले आणि २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आलेले खडकवासला आधुनिक इतिहासात मुख्यतः तीन कारणांनी ओळखले जाते : १८६९ ते १८७९ या काळात बांधले गेलेले धरण, मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सुरू केलेली आणि पुढे येथे स्थिरावलेली जलसंशोधन संस्था, आणि १९५५ च्या जानेवारीत उद्घाटन झालेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. वस्त्रकलेच्या इतिहासात मात्र या गावाला पैठण, येवला किंवा सोलापूर यांच्यासारखे स्थान नाही. तरीही या गावाचे आणि एकूण पुणे परिसराचे हवामान हातविणकामाच्या अभ्यासकापुढे एक महत्त्वाचा प्रश्न उभा करते. एप्रिल-मे महिन्यांत जेथे पारा चाळीस अंशांच्या जवळ जातो आणि कडाक्याची म्हणावी अशी थंडी जेमतेम दोन महिने पडते, तेथे दोन सुयांचे विणकाम म्हणजे लोकरीचा स्वेटर हे समीकरण कसे रूढ झाले आणि अंगाबरोबर बसणारा, बिनबाह्यांचा, पट्ट्यापट्ट्यांचा सुती उन्हाळी टॉप त्याच सुयांवर विणण्याचा विचार इतका उशिरा का आला, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर हवामानात कमी आणि मुलींच्या शिक्षणाचा इतिहास, घरखर्चाचा हिशेब व बाजारात मिळणारा धागा या तीन गोष्टींत अधिक सापडते.

मराठीत 'विणणे' हे क्रियापद मागावरच्या कापडालाही लावतात आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. म्हणून या दोन क्रियांतला भेद आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. मागावरच्या कापडात ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे धागे परस्परांना काटकोनात छेदतात आणि त्यामुळे कापड ताणले जात नाही. ते अंगाबरोबर बसवायचे तर कापावे आणि शिवावे लागते. सुयांवरच्या विणकामात एकच अखंड धागा फाशांच्या ओळींतून फिरतो, एका ओळीतला प्रत्येक फासा खालच्या ओळीतल्या फाशातून बाहेर काढलेला असतो, आणि या फाशालाच 'टाका' म्हणतात. टाका पुढून दिसतो तेव्हा तो सुलट आणि मागून दिसतो तेव्हा उलट. विणकामातल्या सर्व विणी, म्हणजे जाळीची वीण, वेणीची वीण, साबुदाण्याची वीण, या दोनच टाक्यांच्या फेरबदलातून जन्मतात. फासा ओढला की रुंद होतो आणि सोडला की आकसतो, म्हणून असे वस्त्र शरीराच्या आकाराशी आपोआप जुळवून घेते. मोजे, बनियन आणि अंगाबरोबरचा टॉप या वस्त्रांचा जन्म सुयांवर झाला, याचे कारण हेच आहे.

पुणे परिसरात लोकर नव्हती असे नाही. दख्खनच्या पठारावर धनगर समाज शतकानुशतके मेंढ्या पाळत आला असून त्यांच्या लोकरीची घोंगडी हे शेतकरी, मेंढपाळ आणि वारकरी यांचे पावसाळ्यातले व थंडीतले मुख्य पांघरूण होते. ही लोकर हाताने कातून, धाग्याला चिंचोक्यांची खळ देऊन सणगर व खुटेकर कारागीर आपल्या मागांवर घोंगडी विणत असत. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि काहीशी केसाळ असल्याने घोंगडीसाठी ती उत्तम ठरते, परंतु उघड्या त्वचेला ती टोचते आणि बारीक सुयांवरच्या मऊ विणीसाठी ती सोयीची नसते. त्यामुळे स्थानिक लोकर आणि सुयांचे विणकाम यांची गाठ पडली नाही. पुण्यातल्या घरांत स्वेटरसाठी जी लोकर आली ती विलायतेतून आणि पुढे उत्तरेतल्या गिरण्यांतून आली. कानपूरची लाल इमली आणि पंजाबातल्या धारीवालची गिरणी ही त्यांतली विसाव्या शतकात घराघरांत माहीत असलेली नावे होत.

विणकाम ही मूळची थंड देशांची लोकरीची कला आहे, हा समज या परिस्थितीमुळे पक्का झाला. पण कलेचा जागतिक इतिहास त्याला दुजोरा देत नाही. सुयांवर विणलेले जे सर्वांत जुने तुकडे आज उपलब्ध आहेत, ते इजिप्तमध्ये सापडलेले असून साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात, आणि त्यांतले बरेचसे निळ्या व पांढऱ्या सुताचे, आडव्या पट्ट्यांत नक्षी मांडलेले मोज्यांचे अवशेष आहेत. म्हणजे ज्या कलेला लोकरीची कला म्हटले जाते, तिचे आरंभीचे पुरावे उष्ण देशातले, सुती आणि पट्टेदार आहेत. ती युरोपात पोचल्यानंतर तिथल्या थंडीमुळे आणि तिथल्या मेंढ्यांमुळे लोकरीशी एकरूप झाली. इंग्लंडमध्ये १५८९ मध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, तरी हातविणकाम पुढे कित्येक पिढ्या कोळ्यांच्या व खलाशांच्या वस्तीत टिकून राहिले. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी आणि जर्सी या बेटांवरचे अंगाबरोबरचे विणलेले सदरे दर्यावर्दी लोकांत इतके पसरले की मराठीतले 'गंजीफ्रॉक' आणि 'जर्सी' हे दोन्ही शब्द त्या बेटांच्या नावांवरूनच आले आहेत. फ्रान्सच्या आरमाराने १८५८ मध्ये खलाशांच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या विणलेल्या सदऱ्याला गणवेशात अधिकृत स्थान दिले, आणि आज जगभर उन्हाळी टॉपवर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा प्रघात बव्हंशी तेथून सुरू झाला.

पुण्यात ही कला एकोणिसाव्या शतकात दोन वाटांनी आली. १८१८ नंतर पुणे आणि खडकी येथे उभ्या राहिलेल्या लष्करी छावण्यांतून युरोपीय कुटुंबे राहू लागली आणि त्यांच्या घरांत विणकाम हा नित्याचा उद्योग होता. ही पहिली वाट. दुसरी आणि अधिक परिणामकारक वाट मुलींच्या शाळांची होती. मिशनरी शाळांनी लेखन-वाचनाच्या जोडीला शिवण आणि सुईकाम हे विषय ठेवले, कारण त्यांच्या दृष्टीने ते शिस्तीचे शिक्षण होते आणि पालकांच्या दृष्टीने मुलीला शाळेत पाठवण्याचे ते एक समजण्याजोगे कारण होते. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे पुढे 'हुजूरपागा' या नावाने प्रसिद्ध झालेली शाळा, सुरू झाल्यावर तिच्या अभ्यासक्रमावरून मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी इंग्रजी व उच्च विषयांचा आग्रह धरीत होते, तर टिळकांचा पक्ष मुलींना गृहोपयोगी शिक्षण द्यावे असे म्हणत होता. या वादात दोन्ही बाजूंना मान्य असलेले जे थोडे विषय होते, त्यांत सुईकाम होते. सुधारकांना त्यात स्वावलंबनाचे साधन दिसले आणि सनातनी मताला त्यात घर दिसले, आणि म्हणूनच शिवण-विणकामाचा तास पुढे कित्येक दशके कोणत्याही बाजूने न हलवता शाळेच्या वेळापत्रकात टिकून राहिला.

स्वावलंबनाचा हा विचार पुण्यातल्या स्त्री-संस्थांनी कृतीत आणला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन लवकरच पुण्यात आले आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रियांना विविध हस्तव्यवसाय शिकवले गेले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्यास गेला. पुणे शहर आणि खडकवासला यांच्या दरम्यान, मुठेच्या खोऱ्यात, त्या काळी माळरान असलेल्या या गावी विधवांच्या शिक्षणाचे जे केंद्र उभे राहिले, त्यातूनच १९१६ मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ निघाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने शिवण व हस्तकलांचे वर्ग परिचारिका आणि शिक्षिका यांच्या प्रशिक्षणाच्या बरोबरीने चालवले. या संस्थांत शिकलेली स्त्री शिक्षिका होऊन तालुक्याच्या गावी गेली की तिच्याबरोबर सुयाही गेल्या. विणकामाचा प्रसार विशिष्ट जातीच्या वंशपरंपरागत कौशल्याने न होता शाळांच्या जाळ्यातून झाला, हे या कलेचे महाराष्ट्रातले वेगळेपण आहे. साळी, कोष्टी, सणगर यांच्या मागाला जसे जातीचे घर होते, तसे दोन सुयांना कधीच नव्हते.

दोन युद्धांनी या शालेय कलेला सार्वजनिक काम दिले. पहिल्या महायुद्धात लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्याच्या युद्धसाहाय्य निधीची महिला शाखा काम करीत होती आणि सैनिकांसाठी कपडे, मोजे, गळपट्टे तयार करण्याच्या या कामात अनेक समाजांतल्या स्त्रिया प्रथमच घराबाहेर एकत्र आल्या. स्वातंत्र्यानंतर हीच परंपरा १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चीनशी झालेल्या युद्धाच्या वेळी, पुन्हा जागी झाली. हिमालयातल्या उंचीवर पुरेशा गरम कपड्यांविना लढणाऱ्या जवानांच्या बातम्या आल्यावर देशभर स्त्रियांनी स्वेटर, हातमोजे व कानटोप्या विणून पाठवल्या. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकड्यांचे तरुण अधिकारी तेव्हा सैन्यात दाखल झालेले होते, आणि पुणे हे लष्कराचे जुने ठाणे असल्याने ते युद्ध या परिसराला दूरचे नव्हते. घरातल्या कोपऱ्यात चालणाऱ्या कामाला राष्ट्राच्या गरजेशी जोडणारा असा प्रसंग या कलेच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

या कलेचे रोजचे जीवन मात्र युद्धात नव्हे, तर दोन घरगुती प्रथांत होते. पहिली प्रथा बाळंतविड्याची. बाळ-बाळंतिणीसाठी माहेरच्या व नात्यातल्या माणसांनी न्यायच्या वस्तूंच्या या संचात झबली-टोपड्यांबरोबर लोकरीचा लहान स्वेटर, टोपडे आणि पायमोजे असणे मध्यमवर्गीय मराठी घरांत जवळजवळ अनिवार्य झाले, आणि अनेक स्त्रियांनी आयुष्यातले पहिले संपूर्ण वस्त्र विणले ते अशाच निमित्ताने. दुसरी प्रथा रुखवताची. लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या या प्रदर्शनात फराळाच्या पदार्थांबरोबर नववधूच्या हातचे काम ठेवीत, आणि त्यात क्रोशाचे रुमाल, तोरणे व टेबलक्लॉथ यांचा मान मोठा होता. या दोन प्रथांकडे एकत्र पाहिले असता एक महत्त्वाची वाटणी दिसते : बाळंतविड्यातल्या दोन सुयांवर लोकर होती, तर रुखवतातल्या क्रोशाच्या, म्हणजे टोकाला आकडी असलेल्या एका सुईवर, सूत होते. लोकर अंगावर घालायची आणि सुताने घर सजवायचे, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली की ज्या महाराष्ट्रात विदर्भ-खानदेशचा कापूस पिकतो आणि जेथे १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली, तेथे दोन सुयांवर सूत चढवून अंगात घालण्याचे वस्त्र विणावे हा विचार अपवादानेच झाला.

तरी हवामानाने आपले म्हणणे मांडलेच. विलायती नमुन्यांत लांब बाह्यांचा, उंच गळ्याचा जाड स्वेटर मुख्य होता; पुण्यात त्याला 'हाफ स्वेटर' हा सुटसुटीत पर्याय रूढ झाला, म्हणजे पुढे इंग्रजी व्ही अक्षरासारखा गळा, मुंढे मोकळे, बाह्या नाहीत. सकाळी सायकलवर जाताना छातीला ऊब मिळते आणि दुपारी ऊन चढल्यावर तो काढून ठेवता येतो किंवा तसाच सदऱ्यावर राहू देता येतो. क्रिकेटपटूंचा पांढरा बिनबाह्यांचा पुलोव्हर, ज्याच्या गळ्याला आणि कमरेला संघाच्या रंगांचे पट्टे असत, हाफ स्वेटरच्या या घाटाला प्रतिष्ठा देऊन गेला. क्लब-क्रिकेटची जुनी परंपरा असलेल्या पुण्याला तो परिचयाचा होता. पट्ट्यांचे दुसरे आणि अधिक घरगुती कारण काटकसर हे होते. लोकर लडीने विकत घ्यावी लागे, एका स्वेटरनंतर दोन-तीन रंगांचे लहान गुंडे उरत, आणि थोरल्या मुलाचा आखूड झालेला स्वेटर उसवून, लोकर धुवून, पाटाला गुंडाळून सरळ करून धाकट्यासाठी पुन्हा विणला जात असे. नवी आणि जुनी लोकर एका वस्त्रात नेटकेपणाने बसवण्याचा उपाय म्हणजे पट्टे. पट्टेदार बिनबाह्यांचा स्वेटर हा पुण्याच्या हवेचा आणि पुण्याच्या हिशेबाचा संयुक्त निष्कर्ष होता.

दरम्यान यंत्राने उन्हाळी विणलेल्या वस्त्राचा सर्व प्रांत ताब्यात घेतला होता. कोलकात्याजवळ खिदिरपूर येथे १८९३ मध्ये भारतातला पहिला होजिअरी कारखाना निघाला, तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये १९२५ च्या सुमारास हा धंदा सुरू झाला, आणि यंत्रावर विणलेला सुती बनियन स्वस्तात मिळू लागल्यावर तो हाताने विणण्याचे कोणालाच कारण उरले नाही. होजिअरी म्हणजे यंत्रावर फाशांनी विणलेले कापड व वस्त्रे. प्रबोधिनीच्या छात्रांच्या कवायतीतल्या बनियनपासून मोलमजुरी करणाऱ्याच्या गंजीफ्रॉकपर्यंत सर्वांचे अंग त्याने झाकले. उरलेली लोकरीची बाजूही पुढे लुधियानाच्या तयार स्वेटरांनी आणि हिवाळ्यात शहरोशहरी दुकाने मांडणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांनी व्यापली. हाताने विणलेला स्वेटर तयार स्वेटरपेक्षा महाग पडू लागला, शाळांतला विणकामाचा तास मागे पडला, आणि सुया बहुतांश घरांत बाळंतविड्यापुरत्या उरल्या.

या पार्श्वभूमीवर हाताने विणलेल्या सुती उन्हाळी टॉपचे महत्त्व नीट लक्षात येते. यंत्राचा बनियन सरसकट मापाचा असतो. हाताचे काम तेथेच सरस ठरते जेथे वस्त्र एका विशिष्ट अंगाबरोबर बसवायचे असते, आणि ते बसवणे हे सर्वस्वी गणित आहे. चार पदरी बारीक सूत दहा नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या सुयांवर विणले असता दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण २८ टाके आणि तेवढ्याच उंचीत ३६ ओळी बसतात. जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. छातीचे माप ८६ सेंटिमीटर असेल तर अंगाबरोबरच्या टॉपसाठी वस्त्र त्याहून चार सेंटिमीटर कमी, म्हणजे ८२ धरतात, त्याचा निम्मा पुढचा भाग ४१ सेंटिमीटरचा होतो, आणि त्यासाठी ११५ टाके घालावे लागतात. खालची बॉर्डर बारा नंबरच्या सुयांवर एक सुलट, एक उलट अशी विणतात. त्यानंतर दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका, असे सहा वेळा कमी केले की ३६ ओळींत, म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीत, टाके १०३ वर येतात आणि कंबर आत जाते; तेवढेच टाके पुढे पुन्हा वाढवले की छातीचे माप मिळते. मुंढ्यापाशी दोन्ही बाजूंना आठ-आठ टाके एकदम बंद करून, मग एक ओळ सोडून एकेक असे आणखी आठ वेळा कमी केले की ८३ टाके उरतात आणि बाहीविना खांदा नीट मोकळा राहतो.

पट्ट्यांचेही शास्त्र आहे. पट्टा नेहमी सम संख्येच्या ओळींचा ठेवतात, कारण दोन, चार किंवा सहा ओळींनंतर धागा निघालेल्या कडेलाच परत येतो आणि तो न तोडता कडेने वर नेता येतो. वरील मापाने चार ओळींचा पट्टा सुमारे अकरा मिलिमीटर उंच होतो. नव्या रंगाची पहिली ओळ सुलट बाजूने पूर्ण सुलट विणावी लागते, अन्यथा उलट टाक्यांच्या जागी जुन्या रंगाचे ठिपके वर येतात आणि पट्ट्याची रेघ तुटते. शेवटी पाठ आणि पुढचा भाग जोडताना प्रत्येक पट्टा समोरच्या पट्ट्याशी भिडला पाहिजे. सुताची एक अडचण येथे जाणवते : लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असल्याने ती ताणून सोडली की मूळ जागी येते, सूत येत नाही. म्हणून सुती बॉर्डर सैल पडू नये यासाठी सुलट टाका फाशाच्या मागच्या बाजूने विणून घट्ट करतात आणि वस्त्राचे माप अंगापेक्षा कमी धरतात. क्रोशाच्या कामातून मराठी स्त्रियांना परिचित असलेले चकचकीत मर्सराइज्ड सूत या कामाला विशेष चालते. ताणाखाली कॉस्टिक सोड्यातून काढलेले हे सूत साध्या सुतापेक्षा मजबूत असते आणि रंग चांगला धरते. अशा टॉपमध्ये रुखवताचे सूत आणि बाळंतविड्याच्या सुया प्रथमच एका वस्त्रात एकत्र येतात, आणि हाफ स्वेटरचे मोकळे मुंढे व पट्टे त्यांना घाट देतात. त्यातले काहीही या परिसराला नवे नाही. नवी आहे ती फक्त जुळणी.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. पुणे-खडकवासला परिसरातल्या हातविणकामाला लोकरीने मोठे केले, पण त्याच लोकरीने त्याला वर्षातल्या दोन महिन्यांत कोंडून ठेवले, आणि थंडीचे तयार कपडे स्वस्त होताच कलेचे निमित्तच संपले. कापसाच्या प्रदेशात कला टिकवायची असेल तर तिने सुताकडे वळणे हा मूळ स्वभावाशी मिळताजुळता मार्ग आहे, कारण तिचे सर्वांत जुने पुरावेच सुती आहेत. त्यासाठी दोन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. शिवण-हस्तकला शिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या संस्थांनी सुती विणकामाचे, येथल्या अंगमापांचे आणि येथल्या ऋतूंचे नमुने मराठीत तयार करावेत. तसेच अनेक घरांत स्त्रियांनी टाक्यांची गणिते, विणींचे नमुने आणि घरातल्या मुलांची मापे ज्या वह्यांत उतरून ठेवली, त्या रद्दीत जाण्यापूर्वी जतन कराव्यात. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे आणि भांडी यांना इतिहासाची साधने म्हणून मान मिळवून दिला. विणकामाच्या वहीचा अधिकार त्यांहून कमी नाही. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती सांभाळावी, तिच्यावर विणणारीचे नाव व साल लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास ती एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या स्वाधीन करावी.